नानांनी सोडलेली जागा

"हे काय आहे?" नानांनी विचारलं.

आतून खट् असा आवाज झाला. मग बराच वेळ शांतता. मग आईचा आवाज आला, "चम... चा."

पुन्हा खट्.

"चमचा. बरोबर!" नाना खूश होऊन म्हणाले. "आता सांग, चमच्यानं आपण काय करतो?"

मी ओसरीवर चपला काढत होते. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी मी तिथेच उभी राहिले. कारण नानांना जाऊन महिना होत आला होता. त्यांचं सगळं मी स्वतः उभं राहून केलं होतं. दिवसकार्य आटोपून नाशिकला जाऊन बँकेत रजेची व्यवस्था लावली आणि आईला घेऊन जायला परत पाटणला आले, तर घरात नाना आईला चमचा शिकवत बसलेले.

मागच्या अंगणातून गोदूआत्या आली. ही नानांची थोरली बहीण. दिवसांसाठी म्हणून आलेली आणि आईला एकटं कसं सोडायचं म्हणून राहिलेली. मला तशी उभी बघून म्हणाली, "भुतासारखी काय उभी आहेस? टेप आहे ती. सकाळी चहा झाला की तुझी आई लावते, ते मी ताटं वाढेपर्यंत. मी पहिल्या दिवशी हातातलं दूध सांडलं. आता सवय झाली. सवय कशाची नाही होत मेली."

तेवढ्यात आईचं उत्तर आलं आणि नाना पुन्हा म्हणाले, "बरोबर!"

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण तो शब्द कोणी जरा आनंदानं उच्चारला की माझी मान अजून दाराकडे वळते.

नाना शिक्षकांच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांचा विषय होता अभिक्रमित अध्ययन. नाव ऐकून घाबरायला होतं, पण गोष्ट सोपी आहे. जे शिकवायचं त्याचे इतके बारीक घास करायचे की शिकणाऱ्याला चुकायला वावच राहू नये. एक घास द्यायचा, त्यावर एक प्रश्न, आणि उत्तर आलं की तिथल्या तिथे सांगायचं, बरोबर. मग पुढचा घास. घाई कोणाला नाही, ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा त्यानं घ्यावा. आणि तरी पोर चुकलंच, तर ती पोराची चूक नव्हे, घास मोठा केला त्याची. ह्यावर नानांनी सगळी हयात काढली. कॉलेजातली मुलं पाठीमागे त्यांना 'बरोबर सर' म्हणायची. नानांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

घरात आम्ही त्याची पहिली गिऱ्हाइकं. त्यांनी मला सायकल शिकवली तेव्हा सुरुवातीला कितीतरी दिवस मी सायकलवर बसलेच नाही, नुसती तिला हातात धरून रस्त्यानं चालवत नेत होते आणि दर वळणाला 'बरोबर' ऐकत होते. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. पण त्या सगळ्या गुडघे फोडून शिकल्या आणि मी एकदाही पडले नाही.

नाना जायच्या दोन वर्षं आधी आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. अंग काठीच्या आधारानं थोडं परत आलं, वाचा आली नाही. आई म्हणजे काय बोलकी बाई! ती बोलायला लागली की नाना मुकाट्यानं वर्तमानपत्राची घडी करून ठेवत. त्या बाईच्या तोंडून नुसता 'अं अं' यायला लागला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. नाना म्हणाले, "वाचा गेलेली नाही. वाट बुजली आहे. पायऱ्या करू."

आणि त्यांनी ह्या कॅसेट केल्या. ते बाजारात, बँकेत गेले की आईचा सराव बुडू नये म्हणून. प्रश्न, मग उत्तरासाठी सोडलेली जागा, मग उत्तर आणि बरोबर. आईला तेवढी जागा पुरायची नाही, म्हणून टेप थांबवायची कळ त्यांनी तिच्या डाव्या हाताशी बसवून दिली होती. प्रश्न झाला की ती कळ दाबायची, शब्द सापडेपर्यंत हवा तेवढा वेळ घ्यायची, बोलायची, आणि कळ सोडायची. कळ सुटली की नाना बोलायचे.

त्यामुळे नानांशी बोलताना आईला कधी घाई करावी लागली नाही. आणि नानांनी तिला कधी चुकीचं ठरवलं नाही. ठरवणार कसे, ती काय बोलली ते टेपला कुठे कळत होतं!

मी आत गेले. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"वै... जू. आली... स."

"आले, आई. किती छान बोलतेस गं!"

तिनं टेपकडे बोट केलं. हे त्यांचं, अशा अर्थानं.

मी तिच्या पायाशी बसले. नाना पुढचं विचारत होते. त्यांच्या आवाजामागे घर ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी, कावळा, आईच्या काठीची टकटक. त्यांनी ह्याच खोलीत, हीच खिडकी उघडी ठेवून बोलणं भरलं होतं. मध्येच फाटकाचा अडसर खणकन वाजला आणि मी कोण आलं म्हणून उठून बाहेर गेले. फाटक बंद होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"टेपातलं फाटक आहे ते," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "मी रोज उठते. एकदा तर पाण्याचा तांब्या घेऊन गेले."

मी हसले. पण परत खोलीत जाताना मला ते घर आवडेना. जिथे नाना पाण्याच्या हौदापाशी बादली हातात घेऊन कोसळले होते, त्या हौदाकडे बघायचं मी टाळलं.

संध्याकाळी आईच्या गोळ्या काढायला डबी उघडली, तर खाटेखाली एक गोळी पडलेली दिसली. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मी रोज हातात देते. ती घेते. तोंडात टाकते का ते बघायला मी काय तिच्या जबड्यात शिरू?"

उशीखाली सगळ्या गोळ्या सापडल्या. ह्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. त्या सुटल्या तर दुसरा झटका येईल आणि तो तिला ठेवणार नाही, असं डॉक्टरांनी मला आणि नानांना समोर बसवून सांगितलेलं होतं.

"आई, गोळ्या का नाही घेत?"

"बंद."

"बंद? कोणी सांगितलं बंद करायला?"

आई जराशी लाजली. खरंच लाजली. "ह्यांना... विचारलं."

मला आधी हसू आलं. मग तिनं कॅसेटच्या ढिगातून नेमकी एक काढली, लावली, आणि माझं हसू तिथेच राहिलं.

"आज उलटं करू," नाना म्हणाले. "रोज मी विचारतो. आज तू मला विचारायचंस. तुझ्या मनात असेल ते विचार. मी ऐकतोय."

खट्.

आईनं डोळे मिटले. ओठ हलवून पाहिले. मग एकेक शब्द वेचून जमिनीवर मांडावा तशी म्हणाली, "गोळी... बंद... करू?"

खट्.

"बरोबर! छान विचारलंस. आता दुसरं विचार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. झालं ना समाधान, असा चेहरा.

"अगं आई," मी म्हणाले, "ते तू प्रश्न विचारलास म्हणून बरोबर म्हणताहेत. ते उत्तर नाही. प्रश्न नीट विचारता येणं हाच धडा आहे तो. तू काहीही विचारलं असतंस तरी हेच म्हणाले असते. ही टेप आहे."

"टेप... आहे," ती शांतपणे म्हणाली. "कळतं... मला."

"मग?"

"ते... कधी... चुकले?"

मला सायकलवरून एकदाही पडू न देणाऱ्या माणसाची बायको मला विचारत होती. मी बोलायच्या आत तिनं कळ दाबली. ह्या वेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. ते रोजचे असावेत.

"मी... येऊ?"

खट्.

"बरोबर," नाना प्रेमानं म्हणाले. "आता हेच जरा मोठ्यानं विचार."

मी टेपची वायर भिंतीतून उपटली.

आत्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ती बाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. मग उठून माझ्या हातातून टेपरेकॉर्डर घेतला आणि कपाटात, गोधड्यांच्या मागे ठेवून दिला. "जिवंतपणी त्यानं कोणाला नाही म्हटलं नाही," ती म्हणाली, "आता मेल्यावर कुठून म्हणणार?"

आईनं तक्रार केली नाही. टेप कुठे ठेवली तेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला, तेव्हा ती कपाकडे बघत राहिली. "च," म्हणाली. "च... च..." आणि थांबली. मी वाट पाहिली. तिच्या कपाळावर घाम आला. "चहा," मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण शब्द तिच्या हातात आला नाही.

दुपारपर्यंत माझं नाव गेलं. संध्याकाळी 'हो' आणि 'नको' सुद्धा गेलं. ती माझ्याकडे बघायची, तोंड उघडायची आणि मिटायची. पलीकडून कोणी बरोबर म्हटल्याशिवाय पुढचा शब्द उचलायची सवयच तिच्या जिभेला नव्हती. मी तिच्या हातात चमचा दिला. "हे काय आहे, आई?" तिनं कसाबसा 'चम' म्हटलं. मी घाईघाईनं म्हणाले, "बरोबर! बरोबर, आई!"

तिनं माझा गाल थोपटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझ्या 'बरोबर'ला तिच्या लेखी किंमत नव्हती. मी तर तिची मुलगी, मी बरोबर म्हणणारच.

आत्यानं गोळी कुटून ताकात कालवून दिली. आईनं एक घोट घेतला, कडू लागला तो थुंकून टाकला, आणि त्यानंतर जेवायचंच सोडलं.

"कोयनेत सोडून ये ते डबडं," रात्रीचं आवरताना आत्या म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण तिची जीभ त्या डबड्यातच अडकली आहे, त्याला काय करायचं? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं."

तिसऱ्या दिवशी मी टेप परत आईच्या हाताशी ठेवली. तिनं कळ कुरवाळली. जेवली. संध्याकाळपर्यंत 'वैजू' परत आली. गोळी मात्र तिनं माझ्या हातावर परत ठेवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना भेटायला गावात गेले. गोळीऐवजी इंजेक्शन देता येईल का विचारायला. ते म्हणाले, रोज कोण टोचणार आणि किती दिवस? तिला समजवा. येताना धुकं इतकं होतं की आमचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. ते उघडं होतं. आणि रस्त्यावर, घाटातून उतरणारी एक ट्रक तिरकी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून आईचा दंड धरून उभा होता. आईच्या पायात काही नव्हतं. काठी कुठे पडली होती कोण जाणे.

"तुमच्या आहेत का ह्या?" तो म्हणाला. "सांभाळा की जरा म्हातारीला! सरळ गाडीसमोर आल्या. हॉर्न देतोय तर ऐकून घेतात व्हय? कुणाच्या तरी मागं निघाल्यागत."

"आई! कुठे निघाली होतीस?"

ती धुक्यात बघत होती. "ते... पुढे... गेले," म्हणाली.

आत्या न्हाणीघरात होती. तिला पत्ताच नव्हता. आईला आत नेऊन झोपवलं आणि मी टेपमधली कॅसेट पाहिली. नानांच्या अक्षरात कागद चिकटवला होता, 'मोठ्याने बोलणे'. ही मी ऐकलेली नव्हती. मी ती स्वयंपाकघरात नेऊन, आत्याला शेजारी बसवून ऐकली.

"तुझा आवाज फार बारीक येतो," नाना म्हणत होते. "म्हणून आज मी जरा लांब जाणार आहे. टेप तुझ्याजवळच राहील. मी दारात जातो. तिथे मला ऐकू येईल असं सांग, आज भाजी कोणती?"

जागा. मग दारातून, "बरोबर! आता मी ओसरीवर जातो."

ओसरीवरून आवाज आणखी लहान झाला. दूध तापलं का? बरोबर. मग पायऱ्या उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज. मग हौदापाशी. दर टप्प्याला नाना एक साधा प्रश्न विचारायचे, तिच्यासाठी जागा सोडायचे, आणि बरोबर म्हणून आणखी थोडे लांब जायचे. तिचा आवाज वाढावा म्हणून. आधार एकदम काढायचा नाही, बोटाबोटानं काढायचा, आणि शेवटच्या पायरीवर शिकवणाऱ्यानं अजिबात बोलायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. बोलत बोलत जाणारा आवाज पार तिळाएवढा झाला. अडसर वाजला. फाटकाबाहेरून नाना ओरडले, "निघालो मी! येतेस?"

आणि पुढे नुसती खरखर.

आत्यानं माझा हात घट्ट धरला होता. रोज संध्याकाळी बाजारात निघताना नाना फाटकातून असंच ओरडायचे. आणि आई गॅसवरचं दूध तसंच टाकून, पदर सारखा करत धावायची. आमच्या घरी दूध उतू जाण्याचं कारण गावभर माहीत होतं.

"पुढे काय म्हणतो?" आत्यानं कुजबुजत विचारलं.

मी कॅसेट संपेपर्यंत ऐकली. पुन्हा मागे नेऊन ऐकली. पुढे काही नव्हतं. त्या प्रश्नानंतर नानांनी फक्त जागा सोडली होती. बरोबर म्हटलं नव्हतं.

"फाटकाला कुलूप लावते," आत्या म्हणाली.

"किती दिवस लावशील?"

"मग काय तिला जाऊ देऊ? तुझ्या डोळ्यांदेखत?"

रात्रभर मी आईच्या खाटेशेजारी पडून तिचा श्वास ऐकत राहिले. कुलूप लावलं तर ती गोळीवाचून घरातच जाईल. टेप काढली तर मुकी होऊन जाईल. नाशिकला नेली तर तिथेही रस्ता आहेच. तिला मी 'नको' म्हणून उपयोग नव्हता. आयुष्यभर तिनं उत्तर द्यायचं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस तिला प्रश्न विचारून फाटकाबाहेर उभा होता.

नाना नवा धडा तयार केला की आधी तो एकाच मुलावर करून बघायचे. मुलाशेजारी स्वतः बसायचे आणि तोंडाला कुलूप. मूल अडलं, रडकुंडीला आलं, तरी सांगायचं नाही. "माझा जीव तुटतो," ते म्हणायचे, "पण मी सांगितलं तर त्याला येतंय की मला येतंय हे कळणार कसं?"

सकाळी पुन्हा तसंच धुकं उतरलं. मी आईची वेणी घातली, पायात चपला घातल्या, अंगावर शाल दिली. काठी हातात दिली. टेपमध्ये सेल घातले आणि तीच कॅसेट लावली.

"वैजू, खुळी झालीस का?" आत्या म्हणाली.

"तू ओसरीवर बस, आत्या. आणि मी हाक मारल्याशिवाय उठू नकोस. तुला नानांची शपथ."

नाना बोलायला लागले. आज भाजी कोणती? मी कळ दाबून धरली. "मे... थी," आई म्हणाली. बरोबर. ती उठली. ती दाराकडे निघाली आणि मी टेप लहान मुलासारखी कडेवर घेऊन तिच्या मागे.

ओसरी. दूध तापलं का? "तापलं." बरोबर. टेप माझ्या कडेवर होती, पण आवाज समोरून, धुक्यातून येत असल्यासारखा वाटत होता. आई एकेक पायरी उतरली. मी तिला धरलं नाही. तिच्या काठीचं टोक ओल्या फरशीवर सरकलं, तिनं सावरलं. हौदापाशी नानांनी विचारलं, आभाळ कसं आहे? ती वर बघून म्हणाली, "दिसत... नाही." आवाज मोठा होता, खणखणीत. नानांना हवा होता तसा.

"बरोबर," धुक्यातून आलं.

आई फाटकाशी पोचली. टेपमधला अडसर वाजला, आणि त्याच वेळी तिनं खरा अडसर उचलला, त्यामुळे तो आवाज एकच झाला. रस्ता दिसत नव्हता. कुठून तरी ट्रक उतरत असल्याची घरघर येत होती.

"निघालो मी! येतेस?"

मी कळ दाबली आणि दाबूनच ठेवली. कारण ती कळ ह्यासाठीच होती. नानांनी दिलेली होती, हवा तेवढा वेळ घ्यायला.

आई उघड्या फाटकात उभी होती. पाय आत, काठी बाहेर. तिचे ओठ हलायला लागले. मला शब्द माहीत होता, 'नको'. तो माझ्या दातांपर्यंत आला होता, किंचाळून सांगावा असं वाटत होतं. मी जीभ चावली. ट्रक जवळ आली. तिचे दिवे धुक्यात पिवळे झाले, आमच्या अंगावरून वारा गेला, मग ती निघून गेली आणि पुन्हा सगळं शांत झालं. माझी बोटं बधिर झाली होती. आईनं पाय उचलला. बाहेर टाकला. मी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही व्हा पुढं," आई म्हणाली.

मी डोळे उघडले. हा तिचा जुना आवाज होता. एकही शब्द न वेचता, न अडखळता, गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कामात असलेल्या बाईनं नवऱ्याला सांगावं तशी ती बोलत होती. "व्हा पुढं तुम्ही. मी येते मागनं."

"बरोबर," नाना म्हणाले.

तो आवाज रस्त्याच्या पलीकडून आला. अगदी सावकाश, जाता जाता म्हटल्यासारखा. मी खाली पाहिलं. माझं बोट कळेवर होतं आणि टेपची चाकं थांबलेली होती.

"बंद कर की गं आता ती टेप!" ओसरीवरून आत्या ओरडली. "ऐकवत नाही मला."

आई थोडा वेळ समोर बघत राहिली, कोणी वळणावरून दिसेनासं होईपर्यंत बघावं तशी. मग तिनं बाहेरचा पाय आत घेतला, फाटक ओढून अडसर स्वतःच्या हातानं घातला, आणि माझ्यापुढे तळहात धरला.

"गोळी... दे," ती म्हणाली. "आणि... पाणी."